ठसका

उन्हाळी सुट्टीचा तिसरा दिवस.
आम्ही एकोणतीस शिक्षक मुलांच्याच बाकांवर,
मुलांसारखेच मागच्या रांगेपासून भरत आलेलो.
बाकावर कुणीतरी कंपासनं माझं नाव कोरलंय,
नावाला दोन शिंगं.
मी त्यावर वही ठेवते.

फळ्यावर लिहिलंय : माहिती तंत्रज्ञानातले नवे प्रवाह.
प्रवाह म्हटलं की सांगलीचा माणूस
आधी आयर्विन पुलाजवळची पातळी विचारतो.
चाळीस फूट म्हणजे गाद्या माळ्यावर,
त्यापुढं सगळेच माळ्यावर.
या पाण्याला फूटपट्टी कुणी लावलेली नाही.

कुपवाडचे मगदूम बोलायला उभे राहिले, फौंड्रीवाले.
"माझी भट्टी रात्री तीनला मोबाईलवर सांगते
कुठला साचा फसणार.
आणि तुमची पोरं मुलाखतीला येऊन
फ्लॉपीचे फायदे पाठ म्हणून दाखवतात."
सगळे हसले. मीही हसले.
तो प्रश्न मीच काढायची,
चार मार्कांचा, हमखास.

चहाच्या सुट्टीत पूर्वाचा फोन,
"मॅडम, मशीन चुकतंय."

पूर्वा हारगे आणि तेजपाल आवटी, शेवटचं वर्ष.
मार्केट यार्डात चार हजार हळकुंडांचे फोटो काढले दोघांनी.
कॅमेऱ्यानं बघायचं आणि सांगायचं :
ही वाळली, ही ओली.
यंत्राला आधी कुणीतरी शिकवावं लागतं,
म्हणून दस्तगीर मुलाणींना खुर्ची दिली,
अडतीस वर्षं सौद्यात उभे असलेल्यांना.
दोन दिवस फोटोंना नावं देत बसले,
माउस पिवळा झाला.
तिसऱ्या दिवशी त्यांनी तो सरकवला बाजूला.
"फोटोत काय कळतंय ओ?"
हळकुंड कानाशी धरून मोडलं.
टक्.
"ही वाळलीय."
दुसरं मोडलं. आवाज आलाच नाही म्हणा ना.
"ही ओली. आठ दिसात बुरा धरंल.
हाय का कान तुमच्या मशीनला?"

नव्हता.
पूर्वानं आणला, दोनशे ऐंशीचा माईक.
तोलाईच्या खोलीत, दार लावून,
चाचा मोडत गेले, पोरं साठवत गेली.
शंभरात सत्त्याण्णव बरोबर!
पेढे वाटले. मीही खाल्ला.

आणि आज मोडणारा दुसरा, तेजपालचा भाऊ.
मशीनला काही म्हणजे काही ओळखेना.
मी व्हरांड्यात उभी राहून जुनी रेकॉर्डिंगं ऐकली.
टक्, आणि मागोमाग खोकला.
टक्, खोकला.
ओल्या हळकुंडामागं मात्र शांतता.
वाळकं मोडलं की भुकटी उडते,
चाचांना ठसका लागतो.
यंत्र हळद शिकलंच नव्हतं,
ठसका शिकलं होतं.

आत प्रोजेक्टरवर बाण वर वर चढत होते.
मी बाकावर येऊन बसले, शिंगांपाशी.
बावीस वर्षं शिकवतेय.
पोरं काय शिकली असतील?
मी कुठं आवाज चढवते,
कुठं खडू दोनदा आपटते,
तिथं मार्क असतात, हे.
आणि मी सत्त्याण्णव टक्क्यांचे पेढे खात आले.

संध्याकाळी यार्डात गेले.
चाचा ऐकून इतके हसले की पुन्हा ठसका लागला.
मग पाणी पिऊन सावकाश म्हणाले,
"ते नीट शिकल्यावर
मी काय करायचं, मॅडम?"
तीन दिवसांच्या एकाही पडद्यावर
हा प्रश्न आला नव्हता.
तेजपाल वायर गुंडाळत राहिला.
मला उत्तर येत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं.
"बरं," म्हणाले, "उद्या तोंडाला रुमाल बांधून मोडतो."

प्रकल्पाच्या फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव छापलेलं.
पूर्वानं पेनानं खाली लिहिलं :
दस्तगीर मुलाणी.
ऑफिसनं फॉर्म परत पाठवलाय,
पात्रतेचा रकाना रिकामा आहे म्हणून.
तो माझ्या टेबलावर पडून आहे,
कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटलेला.