नग एक

पार्सल माझ्याच नावाचं, माझ्याच टपालघरात आलं.
पिशवी मीच फोडली, वहीत मीच चढवलं,
माझी सही मीच घेतली
आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: पोचलं.

पुण्याहून भावानं धाडलेला, लेकरू छातीशी बांधायचा पट्टा.
काळा, जाड, पाच खटके, आत फोम.
सोबतच्या कागदावर एक हसरी बाई,
साडी नाही, पदर नाही, घाम नाही.
त्यानं फोनवर चार प्रकार दाखवले होते.
मी म्हटलं, जो हलका तो.
फोनवर सगळेच हलके होते.

सासूबाईंनी पट्टा उलटा केला, सुलटा केला,
"हे तं बैलाचं जोतं दिसते वं,"
आणि खुंटीवर टांगला, जोत्याशेजारीच.

तरी मी बांधून पाहिला.
कमरेचा खटका नेमका निऱ्यांवर येतो.
पदर कुठून घ्यायचा ते कागदात नाही.
वैशाखातली दुपार, पारा पंचेचाळीस,
अर्ध्या तासात पोरीच्या पोटावर
मोहरी सांडल्यासारखं घामोळं.

देवानंदला मात्र चपखल बसला.
रविवारी जिनिंग बंद, तो पोरीला घेऊन बाजारात गेला.
पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं,
"काय बे, कितवा महिना?"
"नऊ सरले," हा म्हणाला, "आता बाहेरचे मोजून राह्यलो,"
आणि दोन किलो कांदे घेऊन आला,
मान ताठ, कान लाल.

पण टपाल सोमवारी असतं.

अंगणवाडीत ताणकाट्याला निळी झोळी आहे,
पाय घालायला दोन भोकं.
पोरगी तीत लटकली आणि चक्क झोपली.
लीलाबाईंनी काटा थांबेपर्यंत श्वास धरला:
सहा किलो दोनशे.
मी म्हटलं, बाई, ही झोळीच द्या मला महिनाभर.
त्या म्हणाल्या, तिच्यावर नंबर टाकलाय, सरकारी आहे.
खरंच होता. मी वाचला.

मग पोडावरची सोमीबाई टेकाम आली, पेन्शन घ्यायला,
तेंदूच्या पानांचा वास अंगावर,
पाठीवर नातू, जुन्या लुगड्यात,
इतका गच्च की तो आहे हे
फक्त त्याच्या एका पायावरून कळत होतं.
तिनं अंगठा लावला, पैसे मोजले नाहीत,
खुंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"लुगडं आहे का घरात?"

वाक, म्हणाली. आखीन वाक.
मी ओणवी. पाठीवर सहा किलो दोनशे,
एक टोक काखेतून, एक खांद्यावरून,
गाठ छातीच्या वर.
"गाठ कशी मारू, मावशी?"
"तुले सुटली पायजे, तिले नाही."
मी सरळ झाले. पोरगी माझ्या मणक्यावर
बेडकासारखी चिकटली.
"ते डोये मिटन तवा समज, बसली म्हून."
मागे कसं दिसणार मला, हे मी विचारलं नाही.
कळलं. मानेवरचा श्वास लांबला.

आता तीन गावं, अकरा किलोमीटर.
नाला कोरडा. पळस झडून गेलेला.
पाठीवर लुगड्यात पोरगी,
आणि छातीवर तो पुण्याचा पट्टा, हो,
खटके ढिले करून, निऱ्यांच्या वर,
आत चार रजिस्टर, दोन आधार,
एक बँकेचं कार्ड,
आणि वनरक्षक भरतीचं एक पत्र,
जे सकाळपासून मला उघडावंसं वाटतंय.
फोम चांगला आहे. कागद चुरगळत नाहीत.

कोंडबा काका बाजेवर बसलेले, डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यांच्या नातीचंच ते पत्र.
मी जवळ गेले तशी त्यांनी हात पुढे केला,
छातीवरच्या फुगलेल्या पट्ट्यावर अलगद टेकवला.
"निजली काय वं?" अगदी हळू, कुजबुजत.

मागून तेवढ्यात माझी वेणी ओढली गेली.
मी काही बोलले नाही.
काका टपालाला थोपटत होते.