उलटे आटे

फ्रेम मिळाली मोगलाईतल्या भंगारात.
दूधवाल्याची असणार: मागच्या नळीवर
कॅनच्या कड्यांनी घासून पडलेली पांढरी पट्टी.
किलोवर तोलून दोनशे ऐंशी रुपये.

भटू मिस्त्रींनी गल्ली नंबर सहात
ती दोरीला टांगली, बोकडासारखी,
आणि सोलत गेले.
मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड.
घंटी मात्र मी परत मागून घेतली.

मग फ्रीव्हील.
पाय थांबले तरी चाकाला पळू देणारं,
उतारावर टिकटिकत फुकट खाणारं ते
त्यांनी शिकंजात धरून सोडवलं
आणि त्या जागी बसवली अठरा दात्यांची मुकी चकती.
आता चाक आणि पाय एकच.
"उतारवरबी हिले फुकटनं काही नही," म्हणाले.
"पुढला ब्रेक मात्र ऱ्हाऊ दे. मनं ऐक."
आणि हबला कडं बसेपर्यंत, सोमवारपर्यंत, चालवू नको.

मी शनिवारीच निघाले.
पाठीवर लॅबची पेटी: थर्माकोल, बर्फ,
बारा माणसांचं सकाळचं उपाशीपोटी रक्त.
पांझरेच्या पुलावरून उतरताना
समोर हरभऱ्याच्या गड्ड्यांची हातगाडी आडवी आली,
मी पाय मागे दाबले
आणि चकती आट्यांवरून सरकत, अगदी सावकाश,
सुटली.
पायाखाली काहीच नाही. पायडल नुसते फिरतात,
जिना संपल्यावर अजून एक पायरी असेल असं वाटून
पाय टाकावा तसं.
पुढचा ब्रेक किंचाळला. तरी हरभऱ्यात गेलेच.

अकरा नळ्या शाबूत होत्या. बारावी देवपूरच्या
हिलाल आप्पांची. दुपारी परत गेले त्यांच्याकडे,
कोपरावर हळद, तोंडावर काय ते तुम्ही ओळखा.
त्यांनी काही विचारलं नाही,
फक्त दुसरा हात पुढे केला.

सोमवारी अन्वर लेथवाल्यानं हबवर
एक अरुंद पायरी कापली, डाव्या आट्यांची.
मिस्त्रींनी माझ्या हातात कडं दिलं: फिरव.
मी फिरवलं, नेहमीसारखं. लागेना.
"उलटं."
चकती सुटायला निघाली की हे आणखी आवळतं.
ती जितकी मागे, तितकं हे घट्ट.
हातातल्या पान्याकडे बघत म्हणाले,
"आमनी म्हातारी बी अशीच व्हती,"
आणि रॉकेलच्या डब्यात साखळी बुडवली.

तेव्हापासून रविवार ठरलेला.
जिनिंगच्या दिवसांत साखळीत सरकी-कापसाचे तंतू,
मे महिन्यात नुसती भुकटी.
शिवणयंत्राचं तेल, थेंब थेंब, एकेका कडीला.
मग बोटानं साखळी उचलून बघायची:
करंगळीच्या नखाएवढी ढिली, जास्त नाही.
मिस्त्रींना आता दिसत कमी. ते चाक फिरवतात
आणि कान लावतात. "हाई कडी," म्हणतात,
आणि तीच कडी अडकलेली असते.

पक्षाघातानंतर त्यांचा डावा पाय
दुकानात खुर्चीखाली पडून असतो, गिऱ्हाइकाच्या पिशवीसारखा.
परवा पहाटे, दूधगाड्यांच्याही आधी,
म्हणाले, "बसाड मले."
मी आणि अन्वरनं बसवलं, डावा पाय पट्ट्यात अडकवला.
गल्ली नंबर सहा, सरळ, मोजपट्टीसारखी.
उजव्यानं एक दाब दिला त्यांनी
आणि चाकानं डाव्याला उचललं.
खाली नेलं. परत वर आणलं.
पाय काम करत नव्हता, पाय नेला जात होता,
पण लांबून ते कुणाला कळणार.

दिव्याच्या खांबापलीकडे गेले.
तिथून, अंधारातून, ओरडले,
"पोरी, हाई थांबस कशी?"

मी पळत निघाले. उत्तर काही
लगेच दिलं नाही.