खर्जाची जागा

दुकानदार म्हणाला, एकच सबवूफर न्या,
दुसऱ्याचे पैसे पाण्यात.
ऐंशी हर्ट्झच्या खाली आवाजाला दिशा नसते,
डावं-उजवं कळतच नाही माणसाच्या कानाला.
मी दोन आणले.
सांगलीतून हरिपूरपर्यंत टेम्पोत मागं बसलो,
एकेका खोक्यावर एकेक हात,
बाजारातून जुळी वासरं आणावीत तसा.

खोली चौदा बाय अकरा.
खुर्ची मधोमध, टेप लावून.
पखवाज लावला. बोटं ऐकू आली,
शाईवरचा नखाचा कोपरासुद्धा.
कणीक थापलेली बाजू मात्र नाहीच.
बारा इंची पडदे दोन्हीकडं थरथरतायत
आणि माझ्या खुर्चीत दुपारचे तीन वाजलेले.

आतून राजमती:
"सगळा आवाज माझ्या डब्यांत येऊन बसलाय,
तुम्ही तिकडं काय ऐकताय?"
तांदळाच्या डब्याचं झाकण बेचाळीस हर्ट्झला बोलतं.
मला हे मीटरनं सांगितलं,
तिला आधीच माहीत होतं.

मग उलटं केलं.
पेटारा उचलून खुर्चीत बसवला, माझ्या जागी,
आणि मी रांगलो.
एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना जुने बनियन बांधून,
भिंतीच्या कडेकडेनं, कान फरशीपासून वीतभर वर.
कपाटापाशी आवाज फुगलेला,
भिजलेल्या पोत्यासारखा.
दाराशी नुसता वारा.
खिडकीखाली, कोपऱ्यापासून दीड हातावर,
तो उभा राहिला: गोल, सुका, आपल्या पायांवर.
खडूनं फुली मारली.
तशीच पडलो जरा, फरशीला गाल लावून.

गाल लावला म्हणून आठवलं असेल,
पेवांचं आवार.
जमिनीला सतरा तोंडं, सगळी सारखी,
आत हळद, आणि हळदीत कुठंतरी अण्णा.
आधी दोरीनं कंदील सोडायचे;
तो विझला नाही तर मग माणूस.
मी सात वर्षांचा, वर एकटा,
आणि खालून हाक आली.
त्यात माझं नाव नव्हतं, शब्द नव्हता,
नुसती घूम, तळव्यांतून पोटऱ्यांत चढणारी.
या तोंडाशी पळालो, त्या तोंडाशी पळालो.
कुठल्याच पेवातून येत नव्हती
आणि सतराच्या सतरांतून येत होती.
दुकानदाराचं तसं खरंच आहे.
रडायच्या बेतात होतो, तेवढ्यात पाठीमागून डोकं वर आलं,
भुवयासुद्धा पिवळ्या:
"कवाधरनं बोलावतोय, चहा कुठाय?"

ती पेवं पुरात बसली.
अण्णा त्याच्या आधीच.

रात्री खुर्ची अडीच फूट मागं ओढली.
पेटारे दोन्ही फुल्यांवर; दुसरी फुली कशी सापडली
ते गुडघ्यांना विचारा.
राजमतीला बसवलं, मी फेजच्या बटणाशी.
आता? नाही.
आता? कमीच झालं की.
आता?
ती काही बोलली नाही.
चपला काढल्या, पाय फरशीवर टेकवले,
डोळे मिटले नाहीत, उलट
बारीक केले, सुईत दोरा ओवताना करते तसे.

"डावीकडनं येतंय," म्हणाली.

उद्या दुकानदाराकडं जायचं की नाही, बघू.
तांदळाच्या डब्याखाली चिंधी घालायची राहिलीय.