तिकिटाची मागची बाजू

पहिली फेरी साडेसहाला.
त्याआधी मी चार ओळी लिहितो,
किंवा कालच्या चार खोडतो,
वेसवीच्या जेट्टीवर, पत्र्याच्या खिडकीत,
जिथे टेबल म्हणजे एक फळी
आणि फळीला सुक्या बोंबलाचा वास,
कितीही पुसली तरी.

बोट पलीकडे बागमांडल्याला जाऊन येईपर्यंत
माझ्याकडे पाऊण तास.
त्यातली दहा मिनिटं सुट्ट्या पैशांत जातात,
पाच दाऊद सारंगाच्या विडीत
(विडी त्याची, धूर माझा),
उरलेल्यात वत्सला.

वत्सला माझ्या कादंबरीत आहे.
श्रावणापासून पनवेलच्या एका जिन्यात उभी आहे,
हातात पत्र्याची ट्रंक.
वर जाणार की खाली, मला ठाऊक नाही.
दाऊद विचारतो, "चढली काय?"
मी म्हणतो, "नाही."
"मग ट्रंक तरी खाली ठेवू दे की बाईला."
ठेवली.
त्या दिवसाचं काम तेवढंच.

लोकांना वाटतं लेखक समुद्राकडे बघत बसतो.
मी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो,
कारण अवसेला पाणी फार उतरलं
की टेम्पो उतारावर घसरतात
आणि शिव्या माझ्या खिडकीवर येतात.
त्या मी वहीच्या शेवटच्या पानांवर उतरवून ठेवल्यात,
तारीखवार.
वत्सलेचा नवरा येईल तेव्हा लागतील.

खाडीत पुलाचे खांब उभे आहेत, अर्धवट,
कित्येक वर्षं.
त्यांच्यावर मी लिहीत नाही.
फार सोपं होईल.

रात्री हिशेब.
दुचाकी चौऱ्याऐंशी, टेम्पो अकरा,
माणसं दोनशे सहा, म्हैस एक,
शब्द एकशे बारा.
पैसे कमी भरले तर पगारातून कापतात.
शब्द कमी भरले तर
कोणी विचारतसुद्धा नाही,
आणि ते कापण्याहून वाईट.

मग तो मंगळवार.
वही घरी राहिलेली,
आणि वाक्य आलं, अख्खं,
चपला घालून निघायच्या तयारीत आल्यासारखं.
हाताशी तिकिटं होती. एकाच्या पाठीवर लिहिलं.
तेवढ्यात बोट लागली, रांग झाली,
दोन मोटारींची आधी कोण यावरून जुंपली,
आणि मी ते विकलं.
बारा रुपयांना.

दिवसभर पलीकडच्या काठाकडे बघत बसलो,
म्हणजे लोकांना वाटतं तसा.
आठवायला गेलो तर शब्द येईनात,
नुसतं त्याचं वजन हाताला लागायचं,
अंधारात चाचपलेल्या नारळासारखं.

आठ दिवसांनी येसूबाय चोगले खिडकीशी आली,
डोक्यावर रिकामी पाटी.
कनवटीचं तिकीट काढून फळीवर सपाट केलं.
इम्तियाज खलाशानं नियमाप्रमाणे फाडलेलं,
अर्धं.
"नातवानं वाचून दाखवलान," ती म्हणाली.
"पुढं काय?"

'किल्ली तिने वाण्याकडे ठेवली, पण त्याला सांगितलं नाही की'

इथे फाटलं होतं.

म्हणजे ती घर सोडून निघालीय,
एवढं तर मलाही कळलं.
मी येसूबायसमोर एक शेपूट जोडलं,
बरं होतं, कुठेही छापून आलं असतं.
तिनं शांतपणे ऐकून घेतलं,
भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकते तसं.
"नाय. असा नव्हता."

दुसरं जोडलं.
"असाही नाय."

"तू कुठे पाहिलंस उरलेलं?" मी विचारलं.
ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही.
मागून भोंगा वाजला,
दाऊदनं वरून हात केला.
तिनं अर्धं तिकीट परत कनवटीला लावलं.
"उद्या येतंय. तवर नीट आठव."

बारा रुपये मोजून नवं तिकीट घेतलं,
उलटं करून बघितलं.
कोरं.
"दुसरा नाय काय?" म्हणाली.