प्रास्कोव्या पुडी देत नाही

बस, तैसिया. बूट राहू देत पायात,
जमीन तशीही पुसायचीच आहे.
या आठवड्यात तुझ्याआधी तिघी येऊन गेल्या,
तिघींनी विचारलं, तुझ्यासारखंच
दाराकडे बघत:
वास नाही ना येत त्याला? चव नाही ना कळत?

वर बघ, तुळईला.
डावीकडच्या जुड्या रानओव्याच्या. जुलैत काढलेल्या,
नदीपलीकडच्या कोरड्या उतारावर,
जिथे बकरीचाही पाय घसरतो.
आणि उजवीकडे, त्या जाड कापडात, बरानेत्स.
नाव मेंढराचं, धडक एडक्याची.
पोटात तो असताना व्होडका पडली
की माणूस उलटा होतो, मोजा उलटा करावा तसा.
मग म्हणे बाटली नजरेसमोर नको होते.
म्हणे.
काहींना होते. काहींना रविवारपर्यंत होते.
काहींचं काळीज तेवढी धडक सोसत नाही.
दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्यावर ओरडते ती यासाठीच,
आणि बरोबर ओरडते.

माझा येफीम लाकडाच्या गिरणीत होता.
बोटं आठ, पण अकॉर्डियन असा वाजवायचा
की गेलेली दोनही वाजत असावीत.
त्या हिवाळ्यात मी त्याच्या चहात घातलं.
चिमूटभर. मग चिमटीत मावेल तेवढं.
वर रासबेरीचा मुरंबा, चव झाकायला.
तीन दिवस तो बादलीला मिठी मारून होता,
मी पाठ चोळत होते.
याच हाताने.
म्हणाला, पाशा, तू नसतीस तर मेलो असतो.

चौथ्या दिवशी गाळणीत त्याला काडी सापडली.
बोलला काही नाही.
काडी पुसली, माझ्या बशीशेजारी ठेवली,
चमचा ठेवावा तशी, सरळ.

दारू सुटली नाही, तैसिया.
माझ्या हातचा चहा सुटला.
अकरा वर्षं स्वतःचं पाणी स्वतः तापवलं त्याने,
कप विसळायचा, उजेडाकडे धरून बघायचा.
मी वाढलेल्या सूपमधलं पहिलं
मांजराला.
मांजर लठ्ठ झालं.
शेवटच्या तापात चमचा ओठांशी नेला
तर आधी चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग प्यायला.
का प्यायला, ते मला अजून लागलेलं नाही.

म्हणून पुडी नाही. रड हवं तर,
रुमाल त्या खुंटीला आहे. पण पुडी नाही.

साव्हेली ठाऊक आहे ना, ट्रॅक्टरवाला?
फेब्रुवारीत गोठलेल्या नदीवरून चालत आला, एकटा.
दारात उभा राहून म्हणाला, मी पितो.
जसं काही गावाला बातमीच होती.
मी रानओवा उकळला, नुसता,
त्याच्यादेखत पहिला घोट मी घेतला
आणि मग कप त्याच्या हातात दिला.
दोन्ही हातांनी धरावा लागला त्याला.
याने दारू सुटते का?
कडू आहे, गरम आहे, हाताला काम आहे.
एवढंच छातीठोक सांगेन.
त्याला म्हटलं डॉक्टरणीकडेही जा. गेला.
ईस्टरला गायब. आठ दिवस.
मग आला, एक डोळा काळानिळा,
आणि तू बसलीस तिथेच बसला.
मी पाणी ठेवलं.

घरी जा. कुठे गेले होते ते सांग त्याला,
काय मागायला गेले होते, तेही.
ओरडेल. ओरडू दे, भांडी आवर आधी.
आणि आला कधी, तर सांगून ठेव:
कुत्रा बांधलेला असतो,
दार खालून जरा अडतं,
पायाने लोटायचं.