उशी

डल्सीने उशी टेबलावर ठेवली
आणि शेजारी बसली, जामीन राहिल्यासारखी.
निळ्या पट्ट्यांचं जाड कापड,
कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिच्या आईने घातलेला आकडा: ५६.
"भरली त्या सालचा. वास घे."
घेतला. इतक्या वर्षांनीही
तेलकट, खारट, विझवलेल्या कंदिलासारखा.

बाहेर बास सामुद्रधुनीचा वारा
पाण्याच्या पत्र्याच्या टाकीवर बोटं वाजवत होता.
मार्च सरत आलेला. उद्यापासून हंगाम.
गोरे त्यांना मटनबर्ड म्हणतात, डल्सीची माणसं योला.
पिल्लं जमिनीखाली, बिळाबिळांत,
आईबापांहून जड,
अंगावर राखाडी कापूस
आणि कापसाखाली खरी पिसं फुटू लागलेली.

मी सांगू लागले, नेहमीसारखी:
पीस वाढतं तोवर त्यात रक्त खेळतं.
दक्षिणेच्या बर्फाकडून आईबाप पोटात घालून जे आणतात,
लाल किडकी कोळंबी, कंदीलमासे, माखलं,
त्याचा अंश दांडीत उतरतो, धाग्याधाग्यात.
मग रक्त मागे फिरतं. पीस मरतं.
मेलं म्हणून त्याला साक्ष फिरवता येत नाही.

"मेलेली माणसं तर फिरवतात," डल्सी म्हणाली.
"किती हवीत?"
"दहा. बारा दिलीत तर बरं."
"आणि करणार काय त्यांचं?"

इथे मी दर वेळी अडखळते.
धुणार. मीठ, तेल,
तुमच्या आईच्या हातचं जे काही असेल ते, सगळं काढणार.
मग बारीक कातरणार, श्वासाने उडेल इतकं,
तुरीच्या दाण्याएवढ्या कथलाच्या डबीत भरणार
आणि जाळणार.
निघालेल्या वायूत जड नायट्रोजन किती, हलका किती,
ते यंत्र मोजतं.
हलका जास्त, तर जेवण
समुद्राच्या जिन्यावर एक पायरी खाली झालं.

"म्हणजे वाचायचं तर जाळायचं."
"हो."

तिने उजवी बाही खांद्यापर्यंत सारली.
"सहा वर्षांची होते. बिळात हात घातला, इथवर.
ऊब लागली तर पिल्लू, गार लागलं तर साप.
आईने एवढंच शिकवलं. पुरलं.
तेव्हा काठीवर पन्नास पक्षी ओवले
की बापाच्या खांद्याला घट्टा पडायचा.
गेल्या साली नातू, लेटन, तीच काठी
एका हातात घेऊन शीळ घालत गेला.
पोरगा दणकट आहे.
पण इतकाही नाही."

माझ्या कात्रीला तिने हात लावू दिला नाही.
मासे चिरायच्या सुरीने चार टाके उसवले,
एकेक पीस मोजून पाकिटात टाकलं.
तेरावं आपणहून निघालं,
चुलीच्या धगीवर चढलं आणि तुळईवर जाऊन बसलं.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

पराचा कावळा करतात लोक.
माझा धंदा त्याहून वाईट:
पराचा समुद्र करायचा,
आणि मग त्यात काय उणं आहे ते सांगत फिरायचं.

जुलैत होबार्टहून फोन केला.
छप्पनची पिसं आणि यंदाची, दोन आकडे,
मधे नखभर फट.
"हल्लीचे आईबाप खालच्या पायरीवर जेवत असावेत,
नाहीतर वेगळ्याच पाण्यात जात असावेत.
एका उशीवरून ठरत नाही.
दोन्ही उत्तरांना हाच आकडा चालतो."

"तुझ्या बारा पिसांनी उशी बसली," ती म्हणाली,
"मान धरते."
मग बराच वेळ नुसता वारा, तिकडचा.

"गादी आहे अजून. त्याच पिसांची, एक्केचाळीसची.
तिच्यावर मी जन्मले.
ये हवं तर.
पण तिला सुरी लावायची
तर आधी मला उठवावं लागेल."