तीन बीप

तीन लांब बीप. मग पंखा फिरतो नुसता,
पडदा काळा, ढिम्म.
"नोदार, तू तर म्हणालास वेग वाढेल,"
त्सिआला म्हणते, स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून घेत.
कुताइसीत संध्याकाळपासून दोनदा वीज जाऊन आली आहे.

नवी पट्टी उपसतो. सोनेरी दातांवर
शाळकरी खोडरबर फिरवतो, फुंकर मारतो,
दोन्ही टोकांचे खटके ऐकू येईतो दाबतो.
तीन बीप.

जुनी एकटी : चालू.
नवी एकटी : चालू.
दोघी शेजारी बसवल्या की दातखीळ.

"माझी सासू आणि मी," त्सिआला म्हणते,
"एकाच चुलीपाशी नऊ वर्षं."
दहाव्या वर्षी काय झालं, मी विचारत नाही.

याच डब्यात रिओनी नदीची पातळी आहे,
रोज सकाळी सातची, एकतीस वर्षांची,
पुलाच्या खांबावरून तिनं स्वतः वाचलेली;
नवरा वारला त्या दिवसाचाही रकाना भरलेला.
दुसरी प्रत? "कशाला? आहे की इथे."
माझ्या पोटात गोळा.

जुनीच्या भरवशावर आत शिरतो, निळ्या पानावर,
नवीचा वेग उतरवतो जुनीच्या चालीवर,
बंद करतो. दोघींना बसवतो.
थांबतो.

एक बीप. आखूड.
कोपऱ्यात उमटतं : सोळा.

"म्हणजे होता तेवढाच वेग?"
"तेवढाच. जागा मात्र दुप्पट."
ती चष्मा पुसते, खुर्ची ओढते,
मला कोपरानं बाजूला सारून आजचा आकडा भरते :
दोन मीटर चौदा, गढूळ.